डब्याला लवंग एकच

माझ्या वडिलांवर माझा तिळमात्र विश्वास नव्हता. दोन वर्षांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी आबांच्या छातीत स्प्रिंग बसवली, तेव्हाच बजावलं होतं, आता पाइप बंद. आबांनी फौजेतल्यासारखी ताठ मान हलवली. इतक्या पटकन कबूल होणारा माणूस नव्हे हा. म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

पाइपही फौजेतलाच, एका साहेबानं निरोप घेताना दिलेला. तंबाखू मात्र घरी बनवलेली. निपाणीहून आणलेलं पान कडक, म्हणून आबा त्यावर गुळाचं पाणी शिंपडायचे, भिजवलेल्या मनुकांचं पाणी चोळायचे, सावलीत सुकवून पाट्याखाली दाबायचे. मग आठ दिवस पत्र्याच्या डब्यात बंद. डब्याला लवंग एकच. "दुसरी पडली की दाताच्या दवाखान्यात बसल्यागत वाटतंय," म्हणायचे.

आई गेल्यापासून ते साताऱ्यात एकटे आणि मी सांगलीत. दर रविवारी मी एसटीनं जायचे ती मायेनं कमी, झडतीला जास्त. गादीखाली बघायचे, शर्टाचे खिसे हुंगायचे. मध्यंतरी माझ्या हातून दूध करपलं, तर त्याचा चहा आबांनी "झकास झालाय" म्हणत संपवला. एरवी फोडणी जरा लागली तरी ताट सरकवणारे हे. मला वाटलं, मस्का लावतायत.

परवाच्या रविवारी पाट्याला गुळाचा चिकटा दिसला. माझं डोकंच फिरलं.

"आबा, पुन्यांदा सुरू केलंत न्हवं?"

"न्हाई गं."

"मग ह्यो गूळ कशाला?"

ते उठले, पाइप आणला आणि माझ्या हातात दिला. कोरडा, स्वच्छ, राखेचा कण नाही. तरी मी फडताळात हात घातलाच. जुन्या स्वेटरमागे डबा सापडला. झाकण काढलं तशी नाकातोंडात झिणझिण्या आल्या. तंबाखूत मूठभर लवंगा होत्या.

"आवं, केवढ्या लवंगा ह्या! डोळं झोंबाय लागलं."

आबा लगबगीनं जवळ आले. "व्हय? वास येतोय?"

"येतोय म्हंजे? तुमाला न्हाई येत?"

त्यांनी मान हलवली. गेल्या हिवाळ्यातल्या तापापासून त्यांना कशाचाच वास येत नव्हता. मला काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं. निदान आपल्या हातचा वास तरी ओळखू येईल, या आशेवर तीच तंबाखू पुन्हा पुन्हा गुळाचं पाणी लावून दाबायचे, दर आठवड्याला डबा उघडायचे, नाक लावायचे आणि आणखी एक लवंग टाकायचे.

तो करपलेला चहा आठवला आणि मला माझीच लाज वाटली. डबा मी त्यांच्या नाकाशी धरला. त्यांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"गुळाचा येतोय का गं?"

एवढ्या लवंगांपुढं गूळ कुठला जाणवायला.

"येतोय की, आबा. लय ग्वाड येतोय."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला.