न उलटवलेला प्रवाह

परवा मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात व्हार्निशचा वास आला आणि चाळीस वर्षांपूर्वीची रत्नागिरीच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली. किरणोत्सारी कोबाल्टमधून बीटा कणापाठोपाठ निघणारे गॅमा किरण आम्ही चुंबकित लोखंडातून सोडत असू. दर तासाला चुंबकाच्या तारेतला विजेचा प्रवाह उलटवायचा. मोजणीतल्या बारीक फरकावरून किरणांचं ध्रुवण, म्हणजे ते डावीकडे फिरत येतात की उजवीकडे, ते कळे. एकदा मी उलटवायला विसरलो आणि यायला हवा होता तसा आकडा वहीत लिहिला.

"उलटवलास ना रे?" सरांनी विचारलं.

"हो, सर."

चुंबकाची तार गुंडाळून तिला व्हार्निश लावणारे शिपाई गणूकाका शेजारीच होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्याच दिवशी मला भेटायला देवरूखहून आलेल्या बाबांना सर म्हणाले, "पोर प्रामाणिक आहे हो तुमचं."

बाहेर काका पुटपुटले, "आता तरी जाऊन सांग. बापूस तुझा हे गावभर सांगत सुटेल."

मी गेलो नाही. बाबा अखेरपर्यंत सरांचं ते वाक्य पाहुण्यांना सांगत, आणि मी उठून आत जात असे.