इराचा देश

दीनानाथ साठ्ये कऱ्हाडच्या शाळेत भूगोल शिकवायचे. सिंगापूर ते दरवर्षी चार वाक्यांत उरकत: विषुववृत्ताजवळचं चिमुकलं बेट, बारमाही दमट उकाडा, बारमाही पाऊस, मोठं बंदर. पत्नी गेल्यावर, २००५ साली, मुलगा रोहन त्यांना सिंगापुरातल्या बुकित पंजांगच्या आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन आला.

आठवडाभरात देश बघून झाला. मग दिवस खायला उठले. रोहन आणि सून मेधा सकाळीच ऑफिसला जात, नात इरा शाळेत. बाहेर कायम तेच ऊन, तीच सर. माघ कधी आला नि गेला, हवेवरून कळायचं नाही.

एका संध्याकाळी इरा म्हणाली, "आजोबा, मला वर्गात बोलायचंय. 'माय कंट्री'वर."

दीनानाथ सरसावून बसले. सह्याद्री, कृष्णा-कोयनेचा संगम, काळी माती... किती तरी वेळ सांगत राहिले. इराने सगळं ऐकून घेतलं.

"पण आजोबा, दॅट्स युअर कंट्री लाह," ती तिथल्या मुलांच्या ढंगात म्हणाली. " माझा देश हा आहे."

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. मेधा हळूच म्हणाली, "बाबा, तिचा जन्मच इथला. रागावू नका."

"रागावलो नाही गं. तिचं बरोबरच आहे. जरा लागलं, एवढंच."

रविवारी मात्र ते आपणहून म्हणाले, "इरा, चल, तुझा देश दाखव मला."

इराने त्यांना आणि रोहनला लहानशा मोटरबोटीने पुलाउ उबीन या जवळच्या बेटावर नेलं. तिथं एका जुन्या लाकडी घरापुढे एक मलय आजी शहाळी विकत होती. तिचा मुलगा पलीकडे शहरात, बुकित बातोकला राहतो, आईला सारखा बोलावतो, असं बोलता बोलता कळलं.

"मग जात का नाही, विचार," दीनानाथ इराला म्हणाले.

म्हातारी हसली. तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीचं इराने मराठी केलं: "जाते ना. थोडे दिवस राहते, नातवंडांना खाऊपिऊ घालते, परत येते. त्यांचं घर तिकडे, माझं इकडे. मध्ये बोट आहे की!"

 घरी आल्यावर दीनानाथ रोहनला म्हणाले, "जूनमध्ये मी कऱ्हाडला जाईन म्हणतो. दिवाळी झाली की परत येईन."

रोहनचा चेहरा उतरला. "इथं काही कमी पडतंय का, बाबा?"

"काही कमी नाही रे. पण पाऊस सुरू झाला की मला नदीवर जाऊन पाणी किती चढलं ते बघायचं असतं. इथं राहून मी नुसता तुमच्या येण्याची वाट बघतो. ते तुम्हालाही जड होईल एक दिवस."

रोहनला ते पटायला बरेच दिवस गेले. इराला तर पटलंच नाही. ती फुगून बसली, विमानतळावर पोचवायलाही आली नाही. दीनानाथांचा पाय निघेना, तरी ते गेले.

दिवाळीनंतर ते परतले, तेव्हा इरा विमानतळाच्या दारात सगळ्यांच्या पुढे उभी होती. 'कसे आहात'सुद्धा न विचारता तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली, आणि टॅक्सीची रांग कुठे लागते ते दाखवायला पुढे चालू लागली.