तांबड्या शाईची पानं

म्हस्कूच्या सुकन्यानं कॉम्प्युटरचा कोर्स केला, तेव्हा कळस गावात कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. पण कोर्स संपवून ती रोज एस.टी.नं बारामतीला कामाला जायला लागली आणि सगळ्या भावकीच्या पोटात दुखायला लागलं. त्यातच वरकुट्याचं स्थळ सांगून आलं. मुलगा बरा, घरदार बरं, फक्त त्यांना सून घरातच पाहिजे होती. सुकन्यानं वडिलांकडं वर्षाची मुदत मागितली. म्हस्कूनं भावकीसमोर सांगून टाकलं, "काम जमलं तर करंल. न्हाय जमलं तर यील घरी." मुदत मिळाली खरी, पण त्या 'न्हाय जमलं तर'नं पोरीची झोप उडाली.

काम तसं विचित्रच. खताच्या दुकानाच्या माडीवर ऋषिराज सरांनी चार कॉम्प्युटर मांडले होते. ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. परदेशातल्या एका कंपनीनं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी कोडच्या तयार तुकड्यांची एक लायब्ररी केली होती, आणि कुठला तुकडा कसा वापरायचा हे सांगणारं भलंमोठं पुस्तक. ते पडद्यावर नीट दिसावं म्हणून मजकुरात टोकदार कंसांच्या खुणा घातल्या होत्या. इथून अक्षर ठळक, इथं ठळक संपलं. इथून तक्ता, इथं तक्ता संपला. घालणाऱ्याला बहुतेक घरी जायची घाई होती. सुरू करायचा आणि संपवायचं विसरायचा, की पुढचं अख्खं पान ठळक होऊन अंगावर यायचं. असल्या चुका हुडकून नीट करायचं काम सरांनी घेतलं होतं, आणि तेच सुकन्या करायची. पुस्तकातलं तिला निम्मंअर्धंच कळायचं, पण एखादी खूण बंद केली की विस्कटलेलं पान झटक्यात जागेवर यायचं, आणि तिला दर वेळी पहिल्यासारखाच आनंद व्हायचा.

वीज काही सरांच्या हातात नव्हती. म्हणून वीज असेतोवर पानं छापून घ्यायची, गेली की खिडकीपाशी बसून तांबड्या पेनानं चुका दाखवायच्या, आली की मशीनवर दुरुस्त करायच्या. कधी कधी ती पानं सुकन्या घरीही आणायची.

अशीच आणलेली पानं एका रविवारी म्हस्कूच्या हाती लागली. त्याला वाचता येत नव्हतं, पण तांबड्या शाईचा अर्थ पक्का ठाऊक होता. पोरगी शाळेत असताना गणिताच्या पेपरावर तांबडं दिसलं की मास्तर पालकांना बोलावत, आणि हा मेंढरं भावाच्या हवाली करून शाळेत हजर होई. आता तर पानंच्या पानं तांबडी. हे सगळं सुकन्याला मागाहून कळलं. त्या दिवशी तिला एवढंच दिसलं, की आबांची भाकरी तशीच ताटात आहे.

मंगळवारी वीज गेलेली असताना माडीच्या दारात म्हस्कू उभा. धुतलेलं धोतर, काखेत गाठोडं. सुकन्याला वाटलं, आले न्यायला!

"आबा, तुमी हितं?"

"तू बस. सायबासंगं बोलायचंय."

सरांच्या टेबलावर त्यानं गाठोडं सोडलं. आत घोंगडी निघाली. मेंढरं विकली तेव्हा शेवटच्या लोकरीची विणून घेतलेली, होणाऱ्या जावयासाठी पेटीत जपलेली.

"सायेब, पोरीच्या लई चुका होत्यात. म्या बघितल्यात. पन काढू नका तिला. बारकी हुती तवा बी तिला पयल्या झटक्यात जमायचं न्हाय, मागनं जमायचं. जरा सांभाळून घ्या."

सरांना आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा ते उठून उभेच राहिले. "अहो तात्या, ती शाई तिचीच आहे! चुका दुसऱ्यांच्या, ती फक्त नीट करते."

"तुमी भला मानूस, म्हून तसं म्हनताय," म्हस्कू म्हणाला.

तेवढ्यात वीज आली. सुकन्यानं त्याला खुर्चीवर बसवलं, बिघडलेलं पान दाखवलं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत एक खूण घालून सरळ केलं. म्हस्कूनं पडद्यावर त्या जागी बोट टेकवलं.

"मग ही चूक कुनाची?"

"परदेशातल्या कुनाची तरी."

"त्याला बी बाप असंलच की," म्हस्कू सरांना म्हणाला, "लई बोलू नका त्याला."

घोंगडी काही त्यानं परत घेतली नाही. सर नको नको म्हणत होते, हा जिना उतरूनही गेला.

सुकन्या त्याला स्टँडवर सोडायला गेली. तिला राहवेना. "आबा, मला वाटलं, मला न्यायलाच आलाय."

"न्यायला? कशापायी?"

"तुमीच म्हनला हुता, न्हाय जमलं तर..."

"ते व्हय!" म्हस्कू हसला. "भावकीचं त्वांड बंद करायला काय तरी बोलावं लागतंय. तुला जमतंय म्हून धाडली व्हय म्या? सकाळी गाडीला पळतीस तवा लई खुशीत असतीस, म्हून धाडली."

एस.टी. लागली. सुकन्या भर स्टँडात, चारचौघांदेखत रडायला लागली. म्हस्कूनं ती गाडी जाऊ दिली.