अश्विनीची फाईल आणि आमचं प्रोसिडिंग बुक

"बापानं पोरीची सही केली, तर त्यात गुन्हा कसला, मॅडम?"

बाळासाहेब माझ्या समोरच्या खुर्चीत बसून विचारत होते. मध्ये टेबलावर त्यांच्या मुलीची, अश्विनीची, प्रोजेक्टची फाईल. बाळासाहेबांशेजारी त्यांची पत्नी सुमनताई. गावच्या सरपंच त्या, पण बोलत होते ते बाळासाहेबच. अश्विनी दाराशी ओढणीचं टोक पिळत उभी होती.

"गुन्हाच आहे," मी म्हणाले. "आणि तो तुम्ही सरकारी रजिस्टरवर केलाय."

माझं हे असं आहे. तोंड आधी चालतं, विचार मागाहून येतो. स्टाफरूममधले बाकीचे सर वह्या उचलून लायब्ररीकडे निघून गेले. त्यांना माझा अनुभव आहे.

मी अकोले तालुक्यातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. पंचवीसेक वर्षं झाली. लग्नाच्या पंगतीत हमखास कुणीतरी विचारतं, "राज्यशास्त्र शिकून पोरं काय आमदार होतात का हो?" मी सांगते, "नाही, नीट मतदार झाली तरी पुष्कळ." मग ते भाजी वाढून घेतात आणि विषय बदलतात. आमच्याकडे राज्यशास्त्र घेणारी बरीच मुलं ते आवडतं म्हणून घेत नाहीत. गणित नको असतं, इंग्रजीची भीती असते आणि स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल असं कुणीतरी सांगितलेलं असतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. मीही अशीच आले होते.

बीएला जो विषय मुख्य म्हणून घ्यायचा, त्याला आम्ही स्पेशल म्हणतो. आता नव्या धोरणात त्याचं नाव बदललंय, पण पोरं आणि आम्ही अजून स्पेशलच म्हणतो. शेवटच्या वर्षाला स्पेशलच्या विद्यार्थ्यांना एक प्रोजेक्ट असतो. आपल्या गावच्या ग्रामसभेला हजर राहायचं, काय घडलं ते लिहायचं, फाईल करायची. मग बाहेरून परीक्षक येतात आणि त्यावर तोंडी परीक्षा घेतात. तिला वायवा म्हणतात. वायवाला गैरहजर राहिलं तर निकाल अडकतो.

दरवर्षी मी या फायली तपासते आणि दरवर्षी कंटाळते. मागच्या वर्षीच्या फायलीवरून या वर्षीची उतरवलेली असते. गावाचं नाव बदलतं, बाकी सगळं तेच. शेवटी ठरलेलं वाक्य, "ग्रामसभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली." एका मुलानं तर मूळ फाईलवाल्याच्या गावचं नावही तसंच ठेवलं होतं.

अश्विनीच्या फाईलचं पहिलं वाक्य होतं, "आमच्या गावची ग्रामसभा झाली नाही."

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांना बिस्किटं वाटली, माणसं घरी गेली. सभा तिथेच व्हायची होती. ही पोरगी शाळेच्या पायरीवर दोन तास वही घेऊन बसली. ग्रामसेवक आले, दोन मेंबर आले, शिपाई आला. चहा झाला आणि तेही गेले. आठवड्यानं हिनं पंचायतीत जाऊन प्रोसिडिंग बुक मागितलं. सभेत काय बोलणं झालं, कोणते ठराव झाले, कोण हजर होतं, ते ज्या वहीत लिहितात ते प्रोसिडिंग बुक. गावातल्या कुणालाही ते बघता येतं, हे मीच वर्गात शिकवलं होतं. त्यात ग्रामसभा व्यवस्थित झालेली होती. आदल्या दिवशीची महिला सभाही झालेली होती, आणि महिला सभेच्या हजेरीत अश्विनीची स्वतःची सही होती.

त्या दिवशी, पंचवीस जानेवारीला, अश्विनी माझ्या वर्गात चाचणी लिहीत होती. तिनं परिशिष्ट एक म्हणून माझ्या लाल शेऱ्यासकट त्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स जोडली होती.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. इतकी वर्षं घसा कोरडा केल्याचं सार्थक झालं. आणि त्या आनंदात मी एक घोडचूक केली. फाईल वर्गात मोठ्यानं वाचून दाखवली.

तिच्या गावची चार पोरं त्याच वर्गात बसतात, त्याच जीपनं घरी जातात. अश्विनी त्या दिवशी लायब्ररीत थांबली. ती घरी पोचली तेव्हा फाईल आधीच पोचली होती. सरपंचाच्या पोरीनं आईबापावर प्रोजेक्ट केला, हे तिच्या आधी चावडीवर सांगून झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईवडील माझ्या टेबलासमोर हजर.

"मॅडम, आमी काय लोकांना धरून आनायचं का?" बाळासाहेब म्हणाले. "शेतीची लाईट त्या आठवड्यात दिवसाची हुती. सगळा गाव मोटरीवर. बायांना दवंडी दिली तरी कोन येतंय? अन कागद वेळंत न्हाई गेला की वरून नोटीस. कामं आडत्यात. मी सही केली ती काय माझ्या घरात टाकायला न्हाई केली."

माणूस खोटा नव्हता. सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं म्हणून सुमनताई उभ्या राहिल्या, निवडून आल्या आणि कारभार हे बघू लागले. रस्ता केला, शाळेचे पत्रे बदलले. हे अश्विनीनंही फाईलमध्ये लिहिलं होतं. तिचा बाप तिला आवडायचा.

"मग तुमचं म्हणणं काय?"

"फाईल परत द्या. ती दुसरी लिहील. समदी लिहित्यात तशी."

"आणि नाही लिहिली तर?"

"तर वायवाला येनार न्हाई. झालं शिक्षान. एमए फिमए काय न्हाई मग."

अश्विनीनं मान खाली घातली. तिला पुण्याला एमएला जायचं होतं, हे मला माहीत होतं. वायवा पंधरा दिवसांवर होती.

इथे मी शांतपणे काही बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी तणतणत उठले आणि कपाट उघडलं. माझे वडील चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी होते. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून ते प्रोसिडिंग लिहायचे, आणि एक शब्द इकडचा तिकडे होऊ द्यायचे नाहीत. त्यामुळे प्रोसिडिंग या विषयात आपल्याला कुणी शिकवू नये असं मला वाटतं. कपाटातून आमच्या विद्यार्थ्यांच्या राज्यशास्त्र मंडळाचं बुक काढलं आणि त्यांच्यापुढे आपटलं.

"हे बघा. प्रोसिडिंग असं असतं. विषय, सूचक, अनुमोदक, सह्या. तुमचीच मुलगी या मंडळाची सेक्रेटरी आहे."

बाळासाहेबांनी बुक जवळ ओढलं. बोट ठेवून सावकाश वाचायला लागले. एका पानावर बोट थांबलं.

"ह्या तारखेला मीटिंग झाली?"

"लिहिलंय ना."

"मॅडम, ह्या दिवशी आमच्या गावची यात्रा. अश्विनी घरी हुती. दिवसभर पाव्हन्यांना वाढत हुती. अन हितं तर तिनं आभार मानल्यात."

मी अश्विनीकडे पाहिलं. अश्विनी जमिनीकडे पाहत होती.

आता खरं सांगते. आमच्या कॉलेजला श्रेणी द्यायला एक समिती येणार होती. अशा समितीला सगळं कागदावर लागतं. मंडळाच्या वर्षात पाच मीटिंगा व्हायला हव्यात. झाल्या होत्या दोन. उरलेल्या तीन मी एका दुपारी दोन विद्यार्थ्यांना बसवून लिहून घेतल्या होत्या. शाई एकसारखी दिसू नये म्हणून तीन वेगवेगळी पेनं दिली होती. तारखा कॅलेंडर न बघता टाकल्या होत्या. हे सगळीकडेच चालतं म्हणून त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंच नव्हतं. लाज वाटली, आणि ती मुलीसमोर वाटली याची जास्त वाटली.

तेवढ्यात सुमनताई हसल्या. पदर तोंडाला लावून, पण चांगल्या हसल्या.

"म्हंजी मॅडम, तुमी बी आमच्यातल्याच की."

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मग एक इचारू का? ही महिला सभा घेत्यात तरी कशी? दोन वर्सं झाली, मी अजून पाह्यली न्हाई. हे फुली मारून ठिवत्यात, मी सही करते. त्या दिवशी तर मी हरभरा उपटत हुते."

बाळासाहेब खिडकीबाहेर बघू लागले. मी खुर्ची ओढून ताईंच्या जवळ बसले आणि सांगितलं. ग्रामसभेआधी फक्त बायकांची सभा घ्यायची असते. सात दिवस आधी नोटीस लावायची. अध्यक्षस्थानी सरपंच. बायका जे ठरवतील ते ग्रामसभेपुढे जातं.

"अध्यक्ष म्हंजी मीच?"

"तुम्हीच."

त्यांनी पदर खांद्यावर सारखा केला. मग नवऱ्याला म्हणाल्या, "फाईल ऱ्हाऊ द्या हितंच. आपन एक घेऊन बघू."

"अन फजिती झाली तर?"

"तर तुमी म्हनाल तसं. दुसरी फाईल लिहील ती." मग माझ्याकडे वळल्या. "अन तुमच्या वहीचं काय करता?"

"तीन मीटिंगा खोडते. वर सही करते."

"करा मग."

मी पेन काढलं आणि त्यांच्यासमोर तीन पानांवर आडवी रेघ मारली. प्रत्येक पानावर लिहिलं, "ही सभा झालेली नाही."

ते गेल्यावर मी बुक घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. आमचे प्राचार्य भले गृहस्थ, पण त्यांना भांडण नको असतं. त्यांनी पानं उलटली आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, पाचाच्या दोन? समिती पुढच्या महिन्यात येतेय."

"दोनच झाल्यात, सर."

"आणि त्या सरपंचांशी वाद?"

"वाद नाही. ते सभा घेतायत."

"कसली सभा?"

"खरी." प्राचार्यांनी बुक माझ्याकडे सरकवलं आणि पाणी मागवलं.

नोटीस लागली आणि बरोबर आठव्या दिवशी दुपारी दोनला शाळेच्या वऱ्हांड्यात सभा भरली. मी जीपनं गेले. बायका आल्या नाहीत तर पोरीचं वर्ष, पुणं, सगळं गेलं, आणि ते माझ्या वाचून दाखवण्याच्या हौसेपायी. पहिली पंधरा मिनिटं फक्त अंगणवाडीच्या मदतनीस आल्या. मग एका वस्तीवरून सात-आठ जणी आल्या. मग शेतातून थेट, खुरपी हातात घेऊन, बाकीच्या. वऱ्हांडा भरला तेव्हा मी पहिल्यांदा खाली बसले.

सुमनताई सुरुवातीला अडखळल्या. नोटीस वाचली आणि पुढे काय ते सुचेना. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "सरपंच, नळाला पानी आकराला का सोडत्यात? तवा आमी शेतात आस्तो. हांडं भरायचं कुनी, गाढवानी?"

तिथून जे सुरू झालं ते आवरेना. पाणी सोडणारा माणूस बाळासाहेबांचा चुलतभाऊ निघाला. त्याला सकाळी उठवत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कंपाउंडबाहेर मोटरसायकलवर बसलेल्या बाळासाहेबांना राहवेना. ते तिथूनच ओरडले, "मोटारीला व्होल्टेज नसतं सकाळी!"

सुमनताई उठून वऱ्हांड्याच्या कडेला आल्या.

"अहो, सभा बायकांची हाय. तुमाला बोलता यायचं न्हाई." आणि परत येऊन बसल्या.

बायका इतक्या हसल्या की मला वाटलं आता संपलं, माणूस चिडून पोरीला घेऊन निघणार. पण ते मोटरसायकलवरच बसून राहिले, आणि पाणी सकाळी सहाला सोडावं असा ठराव झाला. प्रोसिडिंग अश्विनीनं लिहिलं. मग एकेकीनं स्वतःची सही केली, कुणी अंगठा दिला. एकजण सही गिरवायला इतका वेळ घेत होती की मागच्या रांगेनं गप्पांचा दुसरा फड मांडला. सभेपेक्षा सह्यांना जास्त वेळ लागला.

जीपपर्यंत सोडायला बाळासाहेब आले. तोंडावर काही दिसेना. मी बसले, दार लावलं, तेव्हा म्हणाले, "वायवा किती वाजता हाय?"

"अकरा."

"आनतो."

वायवाला नगरहून परीक्षक आले होते. वयस्कर, कडक. इतर फायली त्यांनी दोन-दोन मिनिटांत संपवल्या. अश्विनीची मात्र चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ वाचली.

"सही खोटी आहे असं तू लिहिलंयस. घरच्यांना माहीत आहे का हे?"

"हो सर."

"काय म्हणाले?"

"परिशिष्ट तीन बघा, सर."

परिशिष्ट दोन नव्या सभेचं होतं, ते मला माहीत होतं. तीन मीही पाहिलेलं नव्हतं. सरांनी पान उलटलं आणि फाईल माझ्याकडे सरकवली. वहीचा फाडलेला कागद, मोठं, जड अक्षर.

"माझी मुलगी अश्विनी हिची सही मी तिला न इचारता केली. ती त्या दिवशी कॉलेजात पेपर लिहित होती. ह्यात तिच्या आईची चूक नाही. पुढच्या ग्रामसभेत हे मी वाचून दाखवनार आहे." खाली त्यांची स्वतःची सही.

मी ते दोनदा वाचलं. परीक्षकांनी खोकून घसा साफ केला आणि तिला जायला सांगितलं. मार्क मी सांगत नाही, नियमात बसत नाही. अश्विनी पुण्यात एमए करते आहे एवढं सांगते.

समिती येऊन गेली. आमच्या मंडळाच्या वहीवरच्या रेघा बघून त्यांनी विचारलं, हे काय. मी सांगितलं. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. त्या रकान्यात आमचे गुण कमी झाले आणि प्राचार्य आठवडाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले.

यातून मी शिकले ते इतकंच. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी आता पहिल्या तासाला राज्यघटना शिकवत नाही. मंडळाचं बुक देते आणि सांगते, आज वर्गात जे झालं तेवढंच लिहा. पहिल्या वर्षी निम्म्यांना जमत नाही. मला जमायला पंचवीस वर्षं लागली, म्हणून मी त्यांना रागवत नाही.