स्क्रूवर भरवसा

दोन ओळींची पोस्ट होती. ती मी दात घासता घासता लिहिली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला माझ्याबद्दल फार आशा राहणार नाही.

"वाट कसली बघताय? नवं अपडेट आलंय, कॅमेरा एकदम चकाचक. आमचे 'उघडून बघा' काकासुद्धा म्हणतात, आता करा!"

काका असं काहीही म्हणाले नव्हते. काका त्या वेळी बहुतेक दाढी करत होते. अपडेट आलंय हेदेखील त्यांना ठाऊक नव्हतं. मी चूळ भरली, पोस्ट टाकली आणि ऑफिसला निघालो.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. फोन दुरुस्त करतात. झेरॉक्सवाला आणि कपडे शिवणाऱ्या ताई यांच्या मधोमध त्यांचं दुकान. इतकं अरुंद, की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाने श्वास आत ओढून धरायचा. काउंटरवर हिरवा रबरी चटईचा तुकडा, त्यावर लोहचुंबकाची पट्टी, पट्टीला चिकटलेले स्क्रू ओळीने उभे. मागच्या फळीवर प्लास्टिकच्या छोट्या पिशव्या, प्रत्येकीत एक फुटलेली स्क्रीन, आणि वर पेन्सिलीने तारीख नि मालकाची खूण. ज्याची स्क्रीन बदलली, त्याची जुनी स्क्रीन काका टाकून देत नसत. मावशी म्हणायची, "लोकांच्या घरी जुने फोटो असतात, आमच्याकडे लोकांच्या फुटक्या काचा आहेत." काका म्हणायचे, "असू दे गं, खायला मागतात का?"

दुपारी डबा खाताना काका उजव्या हाताने जेवत आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने फोनच्या बातम्यांखाली प्रतिक्रिया लिहीत. नाव घेतलं होतं 'उघडून बघा'. कुठल्याशा कंपनीने जगातला सर्वांत पातळ फोन आणला, तर खाली काका: "पातळ केला म्हणजे बॅटरी कापली. आधी उघडून बघा." घडी घालता येणाऱ्या फोनखाली: "फोन आहे का सदरा?" शंभर पट जवळचं दाखवणाऱ्या कॅमेऱ्याखाली: "चंद्राचा फोटो काढून करणार काय? तो रोज येतोच." नव्या फोनसाठी लोक दुकानाबाहेर पहाटेपासून उभे, अशी बातमी आली तेव्हा: "यांनी चार महिन्यांनी माझ्याकडेही रांग लावावी. मी निदान बसायला स्टूल देतो."

या प्रतिक्रिया वाचायला लोक आमच्या पेजवर येत. आमच्या म्हणजे ज्या पेजवर मी बातम्या लिहितो त्या. लहान गावातल्या शाळेतून आलेला मी, इंग्रजी बातम्या वाचून त्यांना मराठी सदरा चढवण्याचं काम मिळालं तेच फार होतं. निम्म्या लोकांना माझी बातमी नको असायची. ते सरळ खाली जाऊन विचारायचे, "उघडून बघा काय म्हणतायत?" मी दोन तास खपून लिहायचो आणि काका भाताचा घास घेता घेता एका ओळीत मला पालथा घालायचे.

जगातल्या यच्चयावत कंपन्यांना शिव्या घालणारे काका एकाच कंपनीबद्दल मात्र हळवे होते. कारण काय, तर तिच्या फोनला तळाशी दोन साधे स्क्रू असायचे. ते काढले की मागचं झाकण अलगद निघायचं. बाकीच्यांचे फोन डिंकाने चिकटवलेले. तापवा, खरवडा, ओढा, आणि नशीब असेल तर काच वाचेल. काका म्हणायचे, "जो स्क्रू ठेवतो, तो म्हणतो, उघड बाबा, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही." आठ वर्षं त्यांनी अख्ख्या रस्त्याला त्याच कंपनीचे फोन घ्यायला लावले. ताईंना, झेरॉक्सवाल्याला, मावशीला, माझ्या आईला.

आणि त्यांचा एक नियम होता. दुरुस्त केलेला फोन परत देताना ते आपोआप होणारं अपडेट बंद करून देत आणि बजावत, "मला विचारल्याशिवाय करायचं नाही." नवं अपडेट आलं की आधी स्वतःच्या जुन्या फोनवर घ्यायचे, पंधरा दिवस तो फोन वापरायचे, कुठे कुणाची काय तक्रार आहे ते शोधून शोधून वाचायचे आणि मग आमच्या पेजवर दोनच शब्द लिहायचे: "आता करा." त्या दोन शब्दांसाठी माणसं पंधरा दिवस थांबत. मला त्याचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

आता माझं पाप. त्या कंपनीच्या माणसाने आमच्या पेजच्या मालकांना फोन केला होता, की अपडेटची बातमी सकाळीच यावी, जरा उत्साहाने यावी, आणि तुमच्याकडे ते कोण काका आहेत, त्यांचंही नाव आलं तर बरं. त्याआधी तीन आठवडे मला त्याच कंपनीचा नवाकोरा फोन घरपोच आला होता, 'वापरून बघा' म्हणून. परत मागितला नाही कुणी. मी स्वतःची समजूत घातली की काका पंधरा दिवसांनी म्हणणारच आहेत, आजवर या कंपनीच्या प्रत्येक अपडेटला म्हणालेच आहेत, मग मी थोडं आधी म्हटलं तर काय बिघडलं?

बिघडायला दुपार उजाडावी लागली.

पहिल्या आल्या त्या शेजारच्या ताई. "दादा, हा बघा मला काय म्हणतोय." स्क्रीनवर ओळ होती: 'या फोनमध्ये बाहेरचा भाग बसवलेला आढळला आहे.' त्या ओळीवर, तिच्या खाली, कुठेही बोट लावा, फोन ढिम्म. ज्यांची स्क्रीन कंपनीबाहेर बदलली होती, त्यांचा स्पर्शच अपडेटने बंद करून टाकला होता. आणि त्या सगळ्या स्क्रीन बदलल्या कुणी होत्या? काकांनी.

"अपडेट केलंत?" काकांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, आता करा?"

"मी? मी कधी म्हणालो?"

ताईंनी झेरॉक्सवाल्याचा फोन मागून आणला आणि दाखवलं.

मला काकांचा फोन आला तेव्हा मी पोस्ट काढून टाकली होती. मालक म्हणाले होते, "काढ लगेच. आणि माफीबिफी लिहीत बसू नकोस, कंपनी नाराज होईल." काढली तेव्हा मला वाटलं, चला, निदान चूक पुसली.

दुकानात गेलो तर मावशी डबा घेऊन आलेली. तिने नुसतं पाहिलं माझ्याकडे. काका लोहचुंबकावरचे स्क्रू उगाच सरळ करत होते.

"पोस्ट कुठे गेली?"

"काढली, काका."

"का?"

"लोक चिडले होते."

"लोक माझ्यावर चिडलेत. पोस्ट होती तोवर निदान दिसत होतं, ती तू लिहिलीस. आता तिचा फोटो फिरतोय, वरचं सगळं कापलेला. नुसतं माझं नाव आणि 'आता करा'." आवाज अजिबात चढला नव्हता. "असं मी म्हणालो होतो का रे?"

"नाही."

"मग?"

मी काही बोलणार इतक्यात माझ्या खिशातला फोन वाजला. काढला, बंद केला, परत ठेवणार तोच काकांनी हात पुढे केला. सवयच त्यांना, नवा फोन दिसला की हात पुढे. त्यांनी तो उलटा केला आणि तळाच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग चष्मा कपाळावर सरकवून जवळ नेऊन पाहिलं.

"याला स्क्रू नाहीत."

"नाहीत."

"चिकटवलाय."

"हो."

"कधी आला तुझ्याकडे?"

"तीन आठवडे झाले."

काकांनी फोन हिरव्या चटईवर उलटा ठेवला. तीन आठवड्यांपूर्वी याच नव्या फोनच्या बातमीखाली त्यांनी लिहिलं होतं, "या कंपनीचा आहे म्हणजे स्क्रू असणार. निर्धास्त घ्या." ती बातमी माझी होती. ती प्रतिक्रिया मी वाचली होती. फोन तेव्हा माझ्या मांडीवर होता.

"तू वाचलं होतंस," काका म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

मावशी उसळली. "अहो, ज्याच्या पहिल्या फोनची काच तुम्ही तीनदा बदललीत, तोच हा! फुकट फोन मिळाला की नाती दिसेनाशी होतात का रे? कॅमेरा चकाचक आहे म्हणतोस ना, मग त्यात दिसलो नाही का आम्ही?"

"असू दे गं," काका म्हणाले. हेच शब्द ते फुटक्या काचांबद्दल वापरत.

आता त्या काचांचं सांगायला हवं. काकांना तोड माहीत होती. मूळ स्क्रीन फोनला जोडणाऱ्या पट्टीवर तांदळाएवढा एक तुकडा असतो, फोन त्यालाच ओळखतो. तो भिंगाखाली काढून नव्या स्क्रीनवर बसवला की फोन मुकाट चालतो. म्हणजे ज्याची जुनी स्क्रीन फळीवरच्या पिशवीत आहे, त्याचा फोन सुटला. एकूण एक्केचाळीस फोन आले. काकांनी पिशव्या काढून काउंटरवर मांडल्या, पेन्सिलीच्या खुणा जुळवल्या. तेवीस निघाल्या.

बाकीच्या अठरा कुठे होत्या? गेल्या वर्षी याच कंपनीने मोहीम काढली होती: जुने सुटे भाग परत द्या, कचरा वाचवा. काकांनी दोन खोके भरून स्वतः नेऊन दिले होते. बदल्यात एक कापडी पिशवी आणि सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. ते त्यांनी चौकट करून दुकानात लावलं होतं, गिऱ्हाइकाच्या बरोबर नजरेसमोर. कंपनीने आधी किल्ल्या गोळा करून घेतल्या आणि मग कुलूप लावलं. त्या मोहिमेची बातमीही मीच लिहिली होती, आणि आमच्या काकांचा प्रमाणपत्रासह फोटो टाकला होता.

काकांनी चौकट उतरवली. तिचेही मागे चार स्क्रू होते, ते काढले, लोहचुंबकाला चिकटवले. कागद घडी करून डगमगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारला. एवढंच. कंपनीला पत्र नाही, पेजवर एक अक्षर नाही.

पुढचे अकरा दिवस ते भिंगाला डोळा लावून बसले. तेवीस फोन सुटले. अठरा जणांना त्यांनी एकेकाला बसवून सांगितलं, की आता नाही जमणार. काहींनी ऐकून घेतलं. एक जण म्हणाला, "म्हणजे तुम्हीही त्यांच्यातलेच निघालात." काकांनी त्याला फोन पुसून परत दिला.

ताईंचा फोन अठरांत होता. त्यात त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांची मापं होती, नुसती फोनमध्ये लिहून ठेवलेली. काकांनी एका वायरने फोनला माउस जोडला. स्क्रीनवर इवलासा बाण आला. बोटाला नकार देणारा फोन बाणाचं मात्र ऐकत होता. मग दोन दुपारी काका एकेक माप उघडून मोठ्याने वाचत राहिले आणि ताई वहीत उतरवत राहिल्या. "छाती अडतीस. बाही तेवीस. उजवा खांदा जरा उतरता." मी स्टुलावर बसून होतो, कुणी जा म्हणालं नव्हतं आणि बस पण म्हणालं नव्हतं.

शेवटचं माप झाल्यावर ताई म्हणाल्या, "दादा, तुमचे उपकार आहेत. पण खरं सांगते, तुम्ही म्हणालात म्हणून मी ते बटण दाबलं. नाहीतर माझी छाती झाली असती का?"

"मी म्हणालो नव्हतो, ताई."

"बरं," ताई म्हणाल्या.

ते 'बरं' मी ऐकलं. लहान मुलाने लाडू खाल्ला नाही म्हणून सांगावं आणि त्याच्या ओठावरचा रवा बघत आपण म्हणावं, तसं 'बरं'. ताई वही उचलून गेल्या. काका वायर गुंडाळत राहिले, आणि अकरा दिवसांत पहिल्यांदाच माझ्याकडे वळले.

"दोन ओळी लिही. तुझ्या पेजवर, जिथे आधी लिहिलं होतंस तिथेच. 'ते काका म्हणाले नव्हते, मी म्हणालो होतो.' बस. शिव्या घालू नकोस स्वतःला, कंपनीलाही नको. फक्त कोण म्हणालं ते लिही."

"आजच लिहितो, काका."

तेव्हापासून चार महिने झाले. नोकरी तीच आहे. फोनही तोच आहे, कॅमेरा खरंच चकाचक आहे. त्या दोन ओळी मी बऱ्याचदा लिहितो. वाचतो. मग मालकांचा चेहरा आठवतो, आणि त्या न टाकता तशाच पडून राहतात. बातम्यांखाली लोक अजून विचारतात, "उघडून बघा काय म्हणतायत?" ते काहीच म्हणत नाहीत. दुपारी डबा खातात, डावा हात मांडीवर असतो. इथे मी एवढं लांबण लावलंय खरं, पण ते तिथे लिहायचं होतं. इथलं धरत नाहीत.

परवा सदरा शिवायला ताईंकडे गेलो होतो. खांद्यावर टेप धरून त्यांनी माझं माप वहीत लिहिलं. फोनमध्ये आता त्या काहीच ठेवत नाहीत. बाहीचं माप घेता घेता हळूच म्हणाल्या, "एक विचारू का रे? तुझे काका खरंच तसं म्हणाले होते?"

भिंतीपलीकडे काकांचं दुकान. छोटा स्क्रू काढताना होणारा बारीक आवाज ऐकू येत होता.

"नंतर सांगतो ताई," मी म्हणालो, "जरा गडबडीत आहे."

"बरं," ताई म्हणाल्या. "हात सरळ धर."