रेघ जागेवर, नट ढिला

थांबा, हे आधी सांगू दे. आत्ताच. बसलेय तोवरच होईल — एकदा उठले की परत टाइप करायला बसणार नाही, मी कशी आहे मला माहितीये. आणि हे कुणालाच माहीत नाहीये हां. आईला नाही, ओंकारला नाही. कॉलेजच्या मैत्रिणीला मी काय काय सांगितलं असेल, तिलाही हे नाही. पाच वर्षं झाली.

तर, जॉयस्टिक. हसू नका. खरंच जॉयस्टिकपासून सुरू होतं.

ओंकार म्हणजे माझ्या मामांचा मुलगा, माझ्याच वयाचा. त्याला जुन्या व्हिडिओ गेमचं वेड. सिन्नरला एक गेम पार्लर बंद पडलं, तिथून त्याने दोन जॉयस्टिक आणि पिशवीभर बटणं उचलून आणली, आणि मामांनी त्याला आख्खं मशीन बनवून दिलं. प्लायवूडचं, कपाटाएवढं उभं, वर जुना मॉनिटर, दोघांनी शेजारी उभं राहून खेळायचं. सातपूरला त्यांच्या हॉलमध्ये, फ्रीजला चिकटून. मामी म्हणायची, "देव्हारा एवढासा आणि हे बघा केवढं!" पण पाहुणे आले की खेळायला तीच आधी उभी.

मामा फिटर. सातपूरमध्येच एका कंपनीत, इलेक्ट्रिकचे मोठे पॅनल बनतात तिथे. त्यांचं काम नीट सांगते, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. बोल्ट मोजून टाइट करायचा एक पाना असतो, ठरलेला जोर आला की कट्ट वाजतो. पण पॅनलच्या आत, कोपऱ्यात, जिथे तो पाना शिरतच नाही, तिथे हाताचा अंदाज. आणि आख्ख्या शॉपमध्ये, म्हणजे पॅनल जोडतात त्या विभागात, तो अंदाज मामांचा. बाकीचे लावायचे, शेवटचा हात मामा फिरवायचे. मामांचा हात लागला म्हणजे पॅनल जायला मोकळा. त्यांना त्याचा माज होता. म्हणजे — का नसावा?

आता जॉयस्टिकचं असं की खेळणारे ती उपटून काढल्यासारखी ओढतात. आत ती चार नटांवर बसलेली असते. नट ढिले झाले की दांडा डुगडुगतो, वर दाबलं तर बाजूला जातो. पहिल्याच महिन्यात तसं झालं. मग मामांनी साधे नट फेकले आणि नायलॉकचे घातले. त्यांच्या आत नायलॉनची रिंग असते, ती बोल्टला धरून ठेवते, कितीही हादरे बसले तरी नट आपोआप फिरत नाही. आणि टाइट करून झाल्यावर प्रत्येक नटावरून खालच्या पत्र्यावर एक बारीक रेघ ओढली. कंपनीत त्यासाठी पिवळा मार्कर असतो, इथे मामीचं नेलपेंट. "मी लग्नाला ठेवलंय ते, आणि तुम्ही नटांना लावताय?" असं मामीने आठवडाभर ऐकवलं. रेघ कशाला? कुणी नट जरासा जरी फिरवला तरी रेघ तुटते. टॉर्च मारला की कळलं. हे मामांनीच मला शिकवलं. मला.

मी तेव्हा डिप्लोमाला होते, मेकॅनिकल, दुसरं वर्ष. दुसरी जॉयस्टिक मी बसवते म्हटलं. मामांनी पाना दिला हातात. ओंकारचे तीन-चार मित्र बघत उभे. मी जीव खाऊन चारही नट टाइट केले, घाम आला. मामांनी पाना घेतला, दोन बोटांनी — दोनच — अजून पाव फेरा फिरवला आणि म्हणाले, "बाळा, टाइट कर म्हटलं होतं. तू तर गोंजारलंयस."

सगळे फुटले. त्या दिवसापासून मी गोंजारे मॅडम. ओंकारने फोनमध्ये तसंच सेव्ह केलं. मामा दारातूनच ओरडायचे, "या गोंजारे मॅडम!" एकदा कॉलेजची मैत्रीण सोबत होती तिच्यासमोर पण. मग कॉलेजातही तेच झालं.

हे कारण म्हणून सांगत नाहीये. चेष्टा होती, मामा सगळ्यांची करतात. मला लागली, बस.

शनिवारी माझं कॉलेज लवकर सुटायचं, जेवायला मामांकडे जायचे. मामा कंपनीत, ओंकार क्लासला, मामी जेवण झालं की आत आडवी. मशीनचं बटणांचं फळकूट झाकणासारखं वर उघडतं. मी आठ नंबरचा पाना घेतला. खरं तर नुसते ढिले करणार होते. पण टॉर्च मारला आणि त्या लाल रेघा दिसल्या. अर्धा फेरा फिरवला की रेघ तुटणार, मामांना कळणार कुणीतरी हात लावला. मग सुचलं — आणि सांगते, सुचलं तेव्हा मी एवढी खूश झाले होते ना! — पूर्ण फेरा. नट बरोब्बर एक फेरा उलटा फिरवला की रेघ परत जिथल्या तिथे. पाऊण मिलिमीटरची ढील, बास. आणि नायलॉक असल्यामुळे नट त्या जागेवरून हलणारही नाही. बघणाऱ्याला काय दिसणार? कुणी हात लावला नाही, आपोआप फिरला नाही. म्हणजे लावतानाच कमी टाइट लावलाय. म्हणजे मामांचा हात.

आत जागा अरुंद, पाना एका वेळी थोडाच फिरतो. एका नटाला सहा वेळा घालायचा, सहा वेळा काढायचा. चार नट. चोवीस वेळा. मी गुणगुणत होते.

रविवारी मामा खेळायला उभे राहिले आणि दांडा डुगडुगला. झाकण उघडलं, टॉर्च मारला. मग रेघेवरून बोट फिरवलं. "रेघ तर जागेवर आहे," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "म्हणजे मीच कमी लावला?"

मी पोह्यांची डिश घेऊन शेजारीच होते. म्हटलं, "होतं हो मामा, वय होतंच की." हे वाक्य मी बसमध्ये ठरवून आले होते.

लगेच परत नाही केलं. मला तेवढी अक्कल होती. तीन आठवडे जाऊ दिले, त्यांना विसरू दिलं, मग परत. मग दीड महिना काहीच नाही. मग परत. मामांनी कंपनीत मोजायचा पाना घेऊन स्वतःचाच हात तपासला. सगळे बोल्ट बरोबर आले. जेवताना मामीला सांगत होते, "रोज चुकलो असतो तर बरं होतं गं, सुधारता आलं असतं. मधूनच चुकतोय. कुठला ते कळत नाही." मी त्याच पंगतीला होते. मी आमटी मागून घेतली.

मग ते घरात फिरायला लागले. कुकरचं हँडल, गॅसचा रेग्युलेटर, गाडीचा आरसा — टाइट करायचे, जायचे, परत येऊन बघायचे. टीव्ही बघताना उजव्या हाताची मूठ उघड-मीट, उघड-मीट. तेव्हा कळलं होतं ना मला काय चाललंय? कळलं होतं. थोडं कसंतरी झालं. पण थोडंच. बाकी काय होतं सांगू? मजा येत होती.

शेवटचं ओंकारच्या वाढदिवसाला. मामांचे कंपनीतले लोक येणार होते, म्हणून त्या वेळी दोन्ही जॉयस्टिकचे आठही नट. शिंदे काका त्यांच्याच शॉपमधले, खेळायला उभे राहिले आणि दोन मिनिटांत ओरडले, "अहो, हे काय! पॅनल पण असेच पाठवता का?" सगळे हसले. मामाही हसले. मग हातातली वेफर्सची वाटी तशीच घेऊन गॅलरीत गेले. मला दिसत होतं. मी केकच्या मेणबत्त्या लावल्या.

सोमवारी त्यांनी सुपरवायझरला जाऊन सांगितलं, मला शेवटच्या हातावरून काढा. कुणी तक्रार केली नव्हती. एकही पॅनल परत आला नव्हता. सुपरवायझर नको नको म्हणत होते. मामा म्हणाले, "माझ्या हातचा एक ढिला गेला तर कुठेतरी माणूस जळेल साहेब." त्यांना स्टोअरला टाकलं. हातमोजे द्यायचे, रजिस्टरला सही घ्यायची. मामीने रडत आईला फोन केला, आईने मला सांगितलं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "बरं झालं ना, आता आराम मिळेल त्यांना."

त्याच आठवड्यातल्या रविवारी मामांनी पाना माझ्यापुढे धरला. "तू लाव." मी लावले, आठही. नंतर ते कधी ढिले झालेच नाहीत, होणार कसे? महिनाभर मामा झाकण उघडून बघत होते. मग येईल त्याला सांगायला लागले, "आमच्या सायलीचा हात बघा." गोंजारे मॅडम बंद झालं. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी स्वतःचा पान्यांचा सेट दिला, ऑइलने पुसून, कापडात गुंडाळून. मी घेतला. नाही कशाला म्हणू?

आता परवाचं. मामीने गॅलरीत लावायला झोपाळा आणला. मी गेले तर तो दोन दिवस जमिनीवर पडलेला. मामी वैतागलेली, "सगळं काढून ठेवलंय, पण लावत नाहीत. सायलीला येऊ दे म्हणतात." खरंच, मामांनी छताच्या हुकाचे बोल्ट, वॉशर, नट, सगळं ताटलीत ओळीने मांडलेलं. मी आल्यावर बोल्ट आत सरकवून नट बोटांनी चढवण्यापर्यंत त्यांनी केलं. तिथे थांबले.

मी स्टुलावर चढून टाइट केले. मामा खाली, दोन्ही हात पाठीमागे धरून. मी म्हटलं, "मामा, एकदा तुम्ही बघा ना हात लावून." मुद्दाम म्हटलं. नाही म्हणणार हे माहीत होतं. तरी ऐकायचं होतं.

"नको गं," ते म्हणाले, "माझा हात नको लागायला. मामी बसणार आहे त्याच्यावर."

मी हसले आणि पाना ओंकारकडे दिला. सगळ्यात आधी झोपाळ्यावर मीच बसले.

हेच सांगायचं होतं. तुमच्या हातून झालंय असं कधी, कुणाच्या बाबतीत?