भिंतीवर कोरडी पडलेली विहीर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे मधे दात काढलेले मला चालत नाहीत. माझी फजिती मीच सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितली तर तो वर आणखी मीठमिरची टाकील, आणि मीठमिरचीची तिला गरज नाही. शिक्षण म्हणाल तर तिसरी. तेवढ्या शिक्षणावर माणूस केवढा घोटाळा करू शकतो ते ऐका.

बहात्तरचा दुष्काळ. पाथर्डीकडचं आमचं डोंगराकडेचं गाव. ढग यायचे, आमच्याकडं वरून एकदा बघायचे आणि श्रीरामपूरकडं निघून जायचे. तिकडं आधीच कालवा, तिकडं आधीच ऊस, आणि ढगही तिकडंच! श्रीमंताच्या घरी जेवायला कोण नाही म्हणतंय? निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. राहिलेलं निम्मं दुष्काळी कामावर खडी फोडत होतं.

माझ्या विहिरीला मात्र पाणी होतं. चांगलं बारा हात! सगळी आळी तिथंच भरायची. आई कुणाला नाही म्हणत नसे, आणि आईपुढं माझं चालत नसे.

अशात गावात गायकवाड साहेब आले. मूळचे श्रीरामपूरचेच, म्हणून माझा आधीच राग. किडकिडीत माणूस, एक सायकल आणि पाठीवर एक पिशवी. जमिनीखालचं पाणी मोजायचं त्यांचं सरकारी काम. त्यांनी चावडीत सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाले, "मंडळी, माझ्याकडं वीस गावं आहेत आणि सायकल एकच आहे. तेव्हा दर सोमवारी ज्यानं त्यानं आपली विहीर मोजायची. दोराला दगड बांधा, तळापर्यंत सोडा, किती दोर भिजला ते बघा आणि मला सांगा. मी आकडा इथं भिंतीवर लिहीन."

"भितीवर कशापायी? वहीत लिवा की!" मी म्हणालो.

"वही माझ्या कपाटात जाईल, सोपानराव. कपाटातला आकडा कुणाच्या कामाचा? भिंतीवरचा कुणीही वाचावा, कुणीही वापरावा. एक विहीर म्हणजे एक विहीर. शंभर विहिरी शेजारी शेजारी मांडल्या की पाणी जमिनीच्या पोटात कुठून कुठं चाललंय ते दिसतं."

बोलणं शहाण्यासारखं होतं. म्हणूनच मला संशय आला.

घरी येऊन मी डोकं चालवलं. बारा हात पाणी भिंतीवर लिहिलं की ते सरकार वाचणार. वाचलं की टँकर लावणार. टँकर लागला की माझी विहीर अख्खा तालुका पिणार. सोमवारी मी ऐटीत चावडीत गेलो आणि सांगितलं, "वीतभर पानी हाय, सायेब. गाळच जास्ती."

साहेबांनी लिहिलं: सोपान, वीतभर. खाली तारीख. बिचाऱ्यांनी वर मला बिडी दिली.

एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला? मी सगळ्या आळीला आईच्या गळ्याची शपथ घातली. कुणी परका माणूस विचारायला आला तर काय सांगायचं? हीर आटली! माझा दोस्त नामदेव छातीवर हात मारून म्हणाला, "सोपान्या, जीभ हासडली तरी खरं बोलनार न्हाई!"

असे दोस्त आता मिळत नाहीत. मिळू पण नयेत.

आता दुसरी गोष्ट. त्याच वर्षी माझं लग्न ठरलेलं. पोरगी शेवगावकडची, कौसा नावाची. तिला मी बघितलं नव्हतं, तिनं मला बघितलं नव्हतं, आणि आमच्यात त्या वेळी त्याची कुणाला घाईही नसायची. तिचे वडील गोविंदमामा सुपारी फोडून गेले होते. आता ते घरदार नीट बघायला येणार होते. पोरगी द्यायची म्हणजे आमच्याकडं आधी विहीर बघतात, मग बैल, मग घर, आणि वेळ उरलाच तर नवरदेव.

महिन्याभरानं मामा एस्टीनं उतरले. पांढरं धोतर, काखेत छत्री. घर विचारायला पहिल्यांदा गेले कुठं? चावडीत! आणि मामा चार इयत्ता शिकलेले. समोर भिंत. सगळ्या गावच्या विहिरी ओळीनं मांडलेल्या. त्यात जावयाची: वीतभर.

चावडीपुढच्या पारावर नामदेव बसलेला. छत्रीवाला बघून त्याला वाटलं सरकारी माणूस.

"का हो," मामांनी विचारलं, "ह्या सोपानाच्या हिरीला खरंच वीतभरच पानी हाय?"

"वीतभर?" नामदेव म्हणाला. "ते मागल्या सोमवारी! आता बेडकं भाईर येऊन बसल्यात काठावर!"

"आन् घरच्या बाया पानी कुठनं आनत्यात?"

"दोन कोसावरनं. म्हातारी तर पार वाकली, सायेब!"

मामा घरी आले ते चपला न काढता. आईनं चहा पुढं केला तर म्हणाले, "नगं बाई. तुमी किती लांबनं पानी आनलं आसंल."

आई माझ्याकडं बघतेय, मी आईकडं.

"सोपानराव," मामा म्हणाले, "माझी पोरगी नाजूक न्हाई. पर दोन कोस हंडा वाहायला बी मी तिला वाढवली न्हाई. ही सोयरीक राहू द्या."

मी त्यांचा हात धरला आणि ओढतच विहिरीवर नेलं. "मामा, बघा! डोळ्यानं बघा! बारा हात हाय!"

मामांनी वाकून बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "कुनाकडनं आनलं?"

"काय?"

"पानी. लोकं घर दाखवायच्या दिवशी शेजाऱ्याचे बैल आनून बांधत्यात, ते ठावं हाय. कनगीत खाली भुस्सा आन् वर ज्वारी, ते बी ठावं हाय. पर पानी उसनं आनून हिरीत वतनारा मी आज बघितला!"

"आवो, पानी माझंच हाय!"

"मंग सरकारनं भितीवर वीतभर का लिवलंय? गाव काय खोटं बोलतंय?"

सरकारही माझं, गावही माझंच. दोघांनाही मीच पढवलेलं!

मामांना घेऊन मी चावडीकडं पळालो. सोमवार असल्यामुळं साहेब एव्हाना भिंतीपाशी आले होते. सगळ्यांच्या देखत सांगितलं, "सायेब, म्या खोटं सांगितलं. बारा हात हाय. त्यो आकडा पुसा!"

साहेब रागावले नाहीत. भिंतीवरच्या आकड्यांवरून बोट फिरवत गेले. मग हळू आवाजात म्हणाले, "अरेरे. म्हणजे पाणी तुमच्याच बाजूनं वाहतंय. तुमची कोरडी धरून मी गावाच्या नव्या विहिरीची खूण पार पलीकडच्या माळावर केली. पंधरा दिवस माणसं तिथं खोदतायत आणि नुसता खडक लागतोय."

पारावरून नामदेव उठला. तो रोज सकाळी त्याच माळावर कामाला जात होता. दोन्ही तळहात माझ्या नाकापुढं धरले, फोडांनी भरलेले.

"आरं सोपान्या! तुझ्याच हिरीचं पानी पिऊन, तुझीच लबाडी जपून, म्या तितं खडक कशापायी फोडतोय?"

ह्याचं उत्तर तुमच्याकडं आहे का? नाही ना? मग गप्प ऐका.

"टँकर लागंल म्हून भ्यालो," मी म्हणालो.

साहेब म्हणाले, "तुमच्या पाणंदीत बैलगाडी दोन्हीकडं घासते, सोपानराव. टँकर काय आडवा उचलून आणायचा?"

सगळी चावडी हसली. हसले नाहीत ते फक्त मामा.

साहेब विहिरीवर आले. पिशवीतून लोखंडी फीत काढली, तिच्या टोकाला खडू फासला आणि खाली सोडली. वर आल्यावर खडू भिजला तिथली खूण मामांना दाखवली, पाणी काठापासून किती खाली आहे ती. मग दोरानं पाण्याची खोलीही मोजली. बारा हात आणि वर चार बोटं. मामांनी दोर स्वतः हातानं मोजून घेतला.

मी म्हणालो, "झालं! आता त्ये वीतभर पुसा."

"पुसणार नाही," साहेब म्हणाले. "ज्यांनी हा आकडा नेला असेल त्यांना कळायला नको, तो का बदलला? जुना तसाच राहील." आणि त्याच्याखाली गोल अक्षरात लिहिलं: दुरुस्ती. खरं पाणी बारा हात चार बोटं. आधीचा आकडा मालकानं खोटा सांगितला होता.

मामांनी प्रत्येक अक्षर वाचलं. छत्री काखेत मारली आणि म्हणाले, "पानी हाय, ते पटलं. पर जावई लबाड हाय. ते बी सरकारनंच लिवून दिलंय. घरी इचारून सांगतो."

आठ दिवस मला घास गोड लागला नाही. चावडीवरून जायची सोय राहिली नव्हती. शाळेतली पोरं ती ओळ मोठ्यानं वाचायची, मास्तर म्हणे त्यावर शुद्धलेखन घ्यायचा! नामदेव तेवढा रोज येऊन बसायचा. बोलायचा नाही, पण बसायचा. दरम्यान साहेबांनी खूण बदलली आणि गावाच्या विहिरीला पाणी लागलं, माझ्या बांधापासून हाकेवर.

नवव्या दिवशी मामा आले. या वेळी त्यांनी चपला काढल्या.

"पोरीला समदं सांगितलं," ते म्हणाले. "पानी बी सांगितलं, लबाडी बी सांगितली."

"मंग?"

"म्हनली, बाबा, लबाड मानूस म्या नीट करीन. कोरडी हीर मला नीट करता यायची न्हाई. पानी खरं हाय ना? मंग धरा तारीख."

लग्न झालं. पन्नास वर्षं होऊन गेली. मला नीट करायचं काम अजून चालू आहे, रोज सकाळी चहाच्या आधी सुरू होतं.

परवा नातीनं तिला लाडात विचारलं, "आजी, आजोबांना पहिल्यांदा बघितलंस तेव्हा काय वाटलं गं?" मी पेपर वाचतोय असं दाखवून कान टवकारले.

म्हणाली, "ह्यांना कुठं बघितलं बाई? म्या वरातीच्या गाडीतनं उतरले ती आधी हीर बघाया गेले. हे तितंच काठावर मधे हुबं हुते. म्हनलं, जरा बाजूला व्हा, पानी दिसंना."